आठ बोटांचे मास्तर

गुरुवारी बारमध्ये जाऊन जिरा सोडा पिणाऱ्या माणसांना काय म्हणावं हे मला आजवर कळलेलं नाही, पण काही वर्षं मी त्यांतलीच एक होते. नवऱ्याने नेलं. नवीन लग्न झालेली माणसं बायकोला महाबळेश्वरला नेतात, आमच्या ह्यांनी रहाटणीच्या एका गार्डन बारमध्ये नेलं. तेही सामान्यज्ञान वाढवायला. मी त्याच दिवशी आईला फोन करायला हवा होता.

आता आम्ही मोशीला राहतो आणि तो बार जाऊन तिथे टाईल्सचं दुकान आलंय. तरी गुरुवारची संध्याकाळ झाली की मला मास्तर आठवतात. कधी हसू येतं, कधी नुसतंच गप्प बसावंसं वाटतं.

गुरुवार का, ते आधी सांगते. भोसरी-पिंपरीच्या कारखान्यांना सुट्टी गुरुवारची. सगळं जग रविवारी लोळतं, आमची एमआयडीसी गुरुवारी. सुट्टीच्या दिवशी बार भरून वाहायला हवा की नको? पण गुरुवार पडला दत्ताचा आणि साईबाबांचा. निम्म्यांचा उपास, उरलेल्यांना घरच्यांचा धाक. बारचे मालक आप्पा रहाटणीचे मूळचे, बापजाद्यांच्या जमिनीवरच बार बांधलेला. ते म्हणायचे, "गुरुवारी माझ्या हितं चिमणी पानी प्यायला येत न्हाई."

अशा एका ओसाड गुरुवारी मास्तर आप्पांकडे गेले आणि म्हणाले, "मला तुमचा गुरुवार द्या." मास्तरांना क्विझ घ्यायची होती, आप्पांना वाटलं, भजनी मंडळ असेल. म्हणाले, "घ्या की. पर आमाला हार्मोनियम नगं."

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये क्वालिटी इन्स्पेक्टर होते. क्विझमास्टरमधलं क्विझ गळून पडलं आणि मास्तर तेवढे राहिले. पन्नाशीला आलेला, काटक माणूस. सुट्टीच्या दिवशीसुद्धा कंपनीचा निळा शर्ट, कडक इस्त्रीचा. उजव्या हाताची दोन बोटं नव्हती. तो हात त्यांनी कधी खिशात लपवला नाही, उलट बोलताना तोच जास्त हलवायचे. नवीन माणसाची नजर तिथे अडखळली की मास्तर स्वतःच म्हणायचे, "बघून घ्या एकदा नीट, मग प्रश्नाकडे लक्ष राहील."

प्रश्न ते बोटांवर मोजायचे. एक झाला, एक बोट मिटलं. सगळी बोटं मिटली की फेरी संपली. म्हणून आमच्याकडे एका फेरीत आठच प्रश्न असायचे. बाणेर-बालेवाडीकडच्या पबमध्ये दहा असतात, असं आयटीतल्या एकाने त्यांना सांगितलं. मास्तर म्हणाले, "असतील. त्यांची बोटं शाबूत आहेत."

माईकला ते हात लावायचे नाहीत. माईक हातात आला की माणूस पुढारी होतो म्हणायचे. मधोमध उभे राहून खणखणीत आवाजात विचारायचे, "जागे आहात ना?" सगळ्यांनी "हो" म्हटल्याशिवाय पहिला प्रश्न नाही. दुसऱ्याच्या आधीही तेच. प्रत्येक प्रश्नाआधी तेच. पहिल्या दिवशी मी वैतागून नवऱ्याला म्हटलं, "हे काय बालवाडीसारखं?" तर तो म्हणाला, "त्यांची स्टाईल आहे ती." आम्हाला सगळ्यांनाच तसं वाटायचं.

त्यांचे कायदे तर विचारू नका. फोन आत आल्या आल्या आप्पांच्या बिर्याणीच्या हंडीत टाकायचे. गुरुवारी हंडी रिकामीच असायची. एका कंपनीची माणसं एका टेबलावर बसवायची नाहीत, कारण एका कंपनीची माणसं जमली की माणसं बोलत नाहीत, कंपनीच बोलते. आणि नवरा-बायको एका टेबलावर नाहीत. त्याचं कारण त्यांनी मला सांगितलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही: "उत्तर बायकोला येतं, पण देतो नवरा. मग मार्क कुणाला द्यायचे?" मी त्या दिवसापासून मास्तरांच्या पक्षात गेले. नवऱ्याच्या टेबलाला मी जितक्या वेळा हरवलंय तितक्या वेळा त्याने मला सिनेमालाही नेलेलं नाही.

आत येणाऱ्या प्रत्येकाला मास्तर एक गोष्ट हमखास विचारायचे: "तालुका कोणता?" नाव नंतर विचारलं तर विचारलं. मी म्हटलं औसा, तर म्हणाले, "औशाचे दोघं आहेत, तुम्ही तिकडे बसा, निलंग्याजवळ." माणसं अशी तालुक्यांनी मांडायचे. खानदेशातला, कोकणातला, मराठवाड्यातला, आणि एखादा इथला मूळचा व्हय-न्हाईवाला, असं एक टेबल झालं की त्यांचा चेहरा खुलायचा.

प्रश्नही तसेच. राजधान्या आणि पंतप्रधान नाहीत. ते फोनला माहीत असतं, मग माणसांना कशाला बोलवायचं, हे त्यांचं म्हणणं. एकदा विचारलं, भाकरी तव्यावर टाकली की पाणी कोणत्या बाजूला लावतात? टेबलांवरचे सगळे इंजिनिअर एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसले. एकजण म्हणाला, दोन्ही बाजूंना. मास्तर शांतपणे म्हणाले, "नो-गो. आणि आज घरी गेल्यावर आईला फोन करा."

हे गो आणि नो-गो त्यांच्या कामातलं. भोकाचं माप तपासायला एक गेज असतं. बसलं तर गो, नाही बसलं तर नो-गो, मधलं काही नाही. अर्धा मार्क मागायला गेलं की मास्तरांचं ठरलेलं, "अर्धं भोक कसं असतं, दाखवा मला." खिशात कंपनीतली लाल रिजेक्शनची चिठ्ठी कायम. एकदा आप्पांचा मसाला पापड मऊ निघाला तर त्यावर ती चिठ्ठी ठेवून परत पाठवला. आप्पा स्वतः बाहेर आले. "मास्तर, पापडाला बी?" "पापडाला आधी," मास्तर म्हणाले.

पण स्वतःलाही सोडायचे नाहीत. एकदा विचारलं, लेथच्या चकला जबडे किती? एक टेबल म्हणालं तीन, दुसरं म्हणालं चार. आणि दोन्ही बरोबर, कारण लेथवर तुकडा घट्ट धरणारे चक दोन्ही प्रकारचे असतात. मास्तरांच्या लक्षात आलं तसा त्यांचा चेहरा उतरला. लाल चिठ्ठी काढून त्यांनी स्वतःच्या शर्टाला लावली आणि ती तशीच लावून उरलेली क्विझ घेतली. जिंकणाऱ्या टेबलाला त्यांच्याकडून पितळी भोवरा मिळायचा, लेथवर भंगाराच्या तुकड्यातून काढलेला. त्या दिवशी दोन्ही टेबलांना मिळाला.

आणि सगळ्यात शेवटी, सगळ्या फेऱ्या झाल्या की, दर गुरुवारी तेच एक कोडं.

"दारात आली, आत न आली,
बोलावलं तेव्हा शेजारी गेली,
दिवा लावता माघारी आली.
सांगा, ती कोण?"

दर गुरुवारी. जुने लोक हसायचे, "आलं का कोडं," म्हणून चपला शोधायला लागायचे. नवे लोक उत्साहाने उत्तरं द्यायचे. सावली म्हटलं की, "सावलीला बोलवावं लागत नाही. नो-गो." मांजर म्हटलं की, "मांजर आत आल्याशिवाय राहतं का? नो-गो." लक्ष्मी, झोप, चांदणी, शेजारीण, सगळं झालं. माझा नवरा एकदा उठून म्हणाला, "लाईट! गेली की आपण बोंब मारतो, शेजाऱ्यांकडे असते, आणि मेणबत्ती लावली की परत येते." टाळ्याच पडल्या. मास्तरांनी निकाल राखून ठेवला. पुढच्या गुरुवारी येऊन म्हणाले, "आठवडाभर तपासलं. नो-गो. ज्याने हे घातलं तो लाईटचं घालणार नाही." नवरा इतका दुखावला की महिनाभर घरी लाईट गेली की म्हणायचा, "बघ, बघ, माझं उत्तर गेलं."

मग एकदा मी विचारलं. मी पहिल्यापासूनच फटकळ. टेबलं लागायची होती, मास्तर एकटेच बसले होते. म्हटलं, "मास्तर, बोटं कशाने गेली? आणि त्या कोड्याचं खरं उत्तर काय?"

"दोन्ही एकच प्रश्न आहे," ते म्हणाले. "विचारायला बरेच दिवस लावलेत."

तरुणपणी ते भोसरीत पॉवर प्रेसवर होते. हात अडकला. मालक बाहेरगावी, गाडी नाही. दारात एक टेम्पो माल भरायला उभा होता. त्याच्या ड्रायव्हरने माल तिथेच टाकला, ह्यांना उचलून केबिनमध्ये बसवलं, हाताला टॉवेल गुंडाळला आणि हात वर धरायला लावला. म्हणाला, भावा, झोपायचं नाही. मी कोडी घालतो, तू सांगायचं.

"प्रत्येक कोड्याआधी विचारायचा, जागा आहेस ना, भावा? मी हो म्हटलं की घालायचा. विहिरीचं, कणसाचं, सुईदोऱ्याचं. साधी असायची, सगळी येत होती मला. डोळे मिटायला लागले की आवाज चढवायचा. शेवटचं तेवढं मला आलं नाही. तेवढ्यात दवाखाना आला. स्ट्रेचरवर मी ओरडतोय, उत्तर काय, उत्तर काय. नर्सला वाटलं, भ्रमात बोलतोय." मास्तर हसले. "शुद्धीवर आलो तोवर तो निघून गेलेला. डॉक्टर म्हणाले, रक्त फार गेलं होतं, वाटेत झोपला असतात तर अवघड होतं. मालकाला विचारलं, तर म्हणाला, अड्ड्यावरचा टेम्पो, नाव कुणाला ठाऊक. सगळे अड्डे पालथे घातले. चेहरासुद्धा नीट पाहिला नव्हता हो. मला फक्त ते कोडं माहीत होतं."

म्हणून ही क्विझ. म्हणून तालुके. कोडं गावचं असतं, असा त्यांचा हिशोब. एका भागातली कोडी दुसऱ्या भागात नसतात. ज्याला ह्याचं उत्तर येईल तो त्याच्या गावचा. गाव सापडलं की माणूस सापडेल. आणि सगळ्या महाराष्ट्राची गावं पोटासाठी इथेच येऊन पडली आहेत, मग शोधायला दुसरीकडे कशाला जायचं?

"सापडला तर काय करणार?" मी विचारलं.

"आधी उत्तर विचारणार," मास्तर म्हणाले. मग म्हणाले, "त्याला वाटत असेल मी गेलो. कुणाच्या डोक्यावर असं ओझं राहू नये."

मी उगाच मीठ-मिरचीच्या डब्या सरळ करत बसले.

त्या दिवशी मास्तरांनी मलाही गृहपाठ दिला. जुन्या लोकांना तो असायचाच: आठवड्यातून एका तरी अनोळखी माणसाला ते कोडं घालायचं. मी चाकणच्या एका कंपनीत स्टोअर्सला होते. माल घेऊन येणाऱ्या गाड्यांना गेटवर टोकन मिळतं आणि ड्रायव्हर शेडमध्ये तासन्‌तास बसून राहतात. गृहपाठाला याहून सोपी जागा नाही. मी टोकन देता देता कोडं घालायचे. ड्रायव्हर लोक आधी बुजायचे, मग भांडून भांडून उत्तरं द्यायचे.

एकदा एक वयस्कर काका होते. पांढरे खुंट, गळ्यात पंचा. डबा उघडून बसले होते. मी पहिली ओळ म्हटली. त्यांचा घास हातातच राहिला. दुसरी ओळ म्हटली. आणि तिसरी मी म्हणायच्या आधी त्यांनीच हळूच म्हटली, "दिवा लावता माघारी आली."

"काका, तुमच्या गावचं आहे का हे?"

"कोणत्याच गावचं नाई हे," ते म्हणाले. "तुमच्याकडं कुठून आलं?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, हंडीपासून आठ बोटांपर्यंत. काकांनी डबा बंद केला. मग म्हणाले, "जिवंत हाय?"

"जिवंत म्हणजे? दर गुरुवारी नुसती बडबड बडबड."

त्यांनी पंचाने तोंड पुसलं, मग डोळे पुसले. दवाखान्यातले लोक म्हणाले होते, पोलीस केस आहे, नाव सांगा, थांबा. लायसन गावाकडे राहिलेलं. घाबरून निघाले आणि पुन्हा भोसरीच्या वाटेला म्हणून गेले नाहीत. "मला वाटलं, गेला असंल. स्ट्रेचरवर ओरडता ओरडता डोळे पांढरे केले होते त्यानं. तवापासून कुणाला कोडं नाई घातलं, मॅडम. पोरांना नाई, नातवंडांना बी नाई. कोडं म्हटलं की तो हात दिसायचा."

मी म्हटलं, चला गुरुवारी, आपण त्यांना भेटू. तर काका एकदम मागे सरले.

"तो उत्तर शोधायलाय ना? त्याला उत्तरच नाई. माझ्याजवळची कोडी संपली होती. दवाखाना समोर दिसायलाय आणि चौकात गाड्या हलेनात. त्याचे डोळे मिटायलेत. मग तोंडाला येईल ते जुळवून दिलं. आता इतकी वर्षं शोधणाऱ्या माणसाला कुठल्या तोंडानं सांगू, की नव्हतंच काही?"

खोटं का बोलू, एकदा वाटलं की राहू द्यावं. मास्तरांचं सगळं आयुष्य त्या तीन ओळींवर उभं होतं, त्या खालून काढून घ्यायच्या का? पण मग त्यांचं ते ओझ्याचं बोलणं आठवलं. ओझं तर समोर बसलं होतं, पंचाने डोळे पुसत. म्हटलं, "काका, उत्तराचं नंतर बघू. तुम्ही नुसतं येऊन बसा."

काका आले. धुतलेला शर्ट घालून आले होते आणि बारच्या पाटीखालून आत यायला लाजत होते. मी मास्तरांना काही बोलले नाही. नवऱ्याला मात्र सांगितलं होतं. मास्तरांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "तालुका कोणता?"

"मंठा," काका म्हणाले.

"जालना जिल्हा. मंठ्याचं आजवर कुणी आलं नव्हतं." मास्तर खूश झाले आणि त्यांना पुढच्या टेबलावर बसवलं. ओळखलं नाही. ओळखणार कसं?

मग मास्तर मधोमध उभे राहिले आणि म्हणाले, "जागे आहात ना?"

सगळे "हो" म्हणाले. काका म्हणाले नाहीत. त्यांनी टेबलाची कड घट्ट धरून ठेवली होती. प्रत्येक प्रश्नाआधी तेच, आणि प्रत्येक वेळी काकांची मान आणखी खाली. मला तर एकही उत्तर सुचत नव्हतं. माझं टेबल त्या दिवशी सपशेल हरलं.

शेवटी कोडं आलं. जुने लोक चपला शोधायला लागले. कुणीतरी म्हणालं भुताटकी, मास्तर म्हणाले नो-गो. मग काका उठले.

"मास्तर, त्याला उत्तर नाई."

"नो-गो," मास्तर सवयीने म्हणाले. "पुढचं टेबल."

"नाई म्हणजे नव्हतंच," काका म्हणाले. त्यांचा आवाज मागच्या टेबलापर्यंत ऐकू येत होता. "माझी कोडी संपली होती. चौकात गाड्या हलत नव्हत्या. तुम्ही डोळे मिटायला लागलात. म्हणून जुळवलं."

आप्पा गल्ल्यावरून उठून उभे राहिले. चपला घातलेले लोक जिथल्या तिथे थांबले. मास्तर काकांकडे बघत राहिले. आणि मग क्विझ चालू असताना कधीही न बसणारा तो माणूस खुर्ची ओढून काकांच्या समोर बसला. उजवा हात त्यांनी टेबलावर ठेवला. काकांनी तो दोन्ही हातांत घेतला आणि जी बोटं नव्हती त्या जागेवरून अंगठा फिरवत राहिले.

नवरा मला कोपर मारून कुजबुजला, "म्हणजे लाईट चाललं असतं." मी त्याच्या पायावर पाय दिला. माझ्याच डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मग मास्तर म्हणाले, "कोडी संपली होती म्हणालास. आता आहेत का?"

काकांनी होकारार्थी मान हलवली. नातवंडांनाही न घातलेली कोडी साठलेली असणार.

"घाल मग."

काकांनी घसा साफ केला. मग म्हणाले, "जागा आहेस ना, भावा?"

"आहे," मास्तर म्हणाले.